कमला खान : अतिमानवी नायिकेचे देहरूप आणि लिंगभावाचे संकेत

चित्रकथेला मराठी समीक्षेने बहुधा बालवाङ्मयाच्या ओसरीवरच बसवून ठेवले आहे. ‘इंद्रजाल कॉमिक्स’च्या मराठी अंकांतून वेताळाच्या पराक्रमात रमलेल्या वाचकाला डायना पामर आठवत असेल. संयुक्त राष्ट्रसंघात काम करणारी ही कर्तबगार स्त्री कथानकात मात्र अनेकदा सुटकेची वाट पाहत असे. अमेरिकन चित्रकथेत पराक्रमी स्त्री उशिरा आली असे नव्हे. विल्यम मोल्टन मार्स्टन या मानसशास्त्रज्ञाने वंडर वुमन १९४१ मध्येच निर्माण केली होती. तथापि १९५९ मधील सुपरगर्ल ही सुपरमॅनची चुलत बहीण. तिचे अस्तित्वही तो आरंभी जगापासून लपवून ठेवतो. शक्ती नायिकेची, पण तिच्या प्रकटीकरणाचा अधिकार पुरुषाचा, असा हा संकेत होता.

या पार्श्वभूमीवर २०१३ मध्ये प्रथम अवतरलेली आणि २०१४ पासून ‘मिस मार्व्हल’ या स्वतंत्र मालिकेची नायिका झालेली कमला खान लक्षणीय ठरते. सना अमानत या संपादिकेच्या पुढाकाराने, लेखिका जी. विलो विल्सन व चित्रकार एड्रियन अल्फोना यांच्या हातून ती आकाराला आली. न्यू जर्सी राज्यातील जर्सी सिटीत राहणारी, पाकिस्तानी स्थलांतरितांच्या घरातील ही सोळा वर्षांची मुस्लिम मुलगी. मालिकेच्या पहिल्या संग्रहाला २०१५ चा ह्यूगो पुरस्कार लाभला.

प्रथम तिच्या नावाचा विचार करावा लागतो. कॅरल डॅनव्हर्स ही नायिका १९७७ मध्ये ‘मिस मार्व्हल’ झाली, तेव्हा ते नाव कॅप्टन मार्व्हल या पुरुषनायकावरून आले होते. कॅरल २०१२ मध्ये स्वतःच कॅप्टन मार्व्हल झाली आणि मोकळे झालेले नाव कमलाने उचलले. नावाचा वारसा येथे एका स्त्रीकडून दुसऱ्या स्त्रीकडे जातो.

मात्र मालिकेचे खरे मर्म देहाच्या चित्रणात आहे. घरच्यांची नजर चुकवून बाहेर पडलेली कमला एका गूढ धुक्यात सापडते. शक्ती प्राप्त होताना ती मागणी करते ती कॅरलसारखे होण्याची : सोनेरी केस, गोरी कांती, तोकडा पोशाख, उंच टाचांचे बूट. मागणी पुरी होते आणि लगेच तिचा जाच सुरू होतो. केस डोळ्यांवर येतात, बूट बोचतात, पोशाख अंगाला रुततो. पुरुषी नजरेसाठी रेखाटलेल्या वेषाची ही टीका कोणत्याही उपदेशाविना, केवळ अंगाला होणाऱ्या त्रासातून साधली आहे. याच परक्या रूपात ती बुडणाऱ्या झोईला वाचवते. त्या क्षणी तिला धैर्य देते ते कुराणातील वचन. पुढे ती सोनेरी रूप टाकते आणि पोहण्याच्या बुर्किनीतून स्वतःचा पोशाख बेतते.

तिची शक्तीही सौंदर्याच्या संकेतांना धुडकावणारी आहे. ती ताणली जाते, फुगते, आक्रसते. अल्फोनाच्या चित्रांत तिची मूठ कधी मोटारीएवढी होते, पाय काठीसारखे लांबतात. अतिमानवी नायिकेचा देह पिढ्यान्‌पिढ्या प्रमाणबद्धतेच्या चौकटीत गोठवला गेला होता. येथे बेढबपणा हेच सामर्थ्य होते. हसू येणारा देह आणि लढणारा देह एकच असणे ही मुभा आजवर पुरुषनायकांनाच होती.

लिंगभावाच्या साच्यासोबत आणखी एक साचा येथे मोडतो : घरच्यांच्या धर्माच्या जाचातून सुटू पाहणारी मुस्लिम मुलगी. कमलाचे आईवडील कडक आहेत, पण खलनायक नाहीत. तिची मैत्रीण नाकिया डोक्यावर रुमाल बांधते तो स्वेच्छेने. तिच्या वडिलांना ते चार दिवसांचे खूळ वाटते. मशिदीतील शेख अब्दुल्ला रागावतील अशी कमलाची अपेक्षा असते. ते तिला गुरू शोधण्यास सांगतात. २०१६ मधील एका अंकात तिच्या पणजोबा-पणजीचे १९४७ साली मुंबई सोडून कराचीला जाणे येते. स्थलांतराचा हा धागा कमलाच्या द्विधेला कौटुंबिक स्मृतीची खोली देतो. मुंबईच्या वाचकाला तो धागा परका वाटू नये.

या नायिकेची मर्यादा तिच्या निर्मितीत नसून मालकीत आहे. पात्र प्रकाशनसंस्थेचे, लेखक बदलतात, माध्यमे बदलतात. २०२२ च्या दूरचित्रवाणी मालिकेत इमान वेल्लानीने कमला मनापासून उभी केली, परंतु ताणल्या जाणाऱ्या देहाऐवजी बांगडीतून जागृत होणारा, घनरूप घेणारा प्रकाश आला. तिची मूठ तेथेही मोठी होते, पण चमचमत्या प्रकाशाची. बेढबपणाची धार बोथट झाली, असेच म्हणावे लागते.

त्याहून विदारक प्रसंग २०२३ चा. कमलाचा मृत्यू घडवला गेला तो तिच्या स्वतःच्या मालिकेत नव्हे, तर स्पायडरमॅनच्या. पुरुषनायकाच्या दुःखासाठी स्त्रीपात्राचा बळी देण्याच्या रूढीवर लेखिका गेल सिमोन हिने १९९९ मध्येच बोट ठेवले होते. काही आठवड्यांतच कमलाला पुन्हा जिवंत करण्यात आले, हा व्यवसायाचा भाग झाला. परंतु मृत्यूच्या क्षणी ती कोणत्या रूपात होती, हे तपशिलाने पाहण्याजोगे आहे : स्पायडरमॅनची जुनी प्रेयसी मेरी जेन हिला वाचवण्यासाठी तिने तिचेच, गोऱ्या कांतीचे आणि तांबड्या केसांचे रूप धारण केले होते.