एका मिनिटाचे शिक्षण



शोमरोनी मनुष्याची गोष्ट आपण संडेस्कूलमध्ये कळवळ्याची गोष्ट म्हणून शिकवतो. लूकने मात्र त्याच्या हातांनी काय केले तेही सांगितले आहे. त्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, जखमीला जनावरावर बसवून उतारशाळेपर्यंत नेले. म्हणजे त्याला जखम बांधता येत होती.

मला हे उशिरा उमगले. गेल्या पावसाळ्यात एका पाड्यावर सात महिन्यांचे बाळ पाहायला गेले होते. खोकला होता, अंग कोमट. "सर्दी आहे बाय, उतरेल," असे आईला म्हणून, प्रार्थना करून मी निघालेसुद्धा. मागून आलेली आशाताई माझ्या निम्म्या वयाची. ती म्हणाली, "ताई, एक मिनिट थांबा ना." बाळ शांत झाल्यावर तिने झबले वर केले आणि सेकंदकाट्याच्या घड्याळावर श्वास मोजले. ५८ भरले. आमच्याच जीपने बाळाला दवाखान्यात नेले. न्यूमोनिया निघाला. बाळ आता चालू लागले आहे.

तिने वापरलेला नियम आपणही शिकू या. दोन महिन्यांखालील बाळाचे मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५०, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० म्हणजे श्वास जलद. मोजायचे पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नये, कारण तान्ह्याचा श्वास एकसारखा चालत नाही. बाळ रडत किंवा दूध पीत असताना मोजू नये. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर आकडा काहीही असो, थेट रुग्णालय.

वाचायला पाच ओळी. हातात बसायला महिने लागतात, आणि सराव तुटला की विसरते. जामखेडला १९७० पासून डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी हेच ओळखले. गावांनी निवडलेल्या, पुष्कळदा शाळेचे तोंडही न पाहिलेल्या स्त्रिया दर आठवड्याला केंद्रात येत, गावात काय घडले ते सांगत, आणि त्यातूनच पुढचा धडा निघे. एकदा प्रमाणपत्र दिले आणि सोडले, असे नव्हते.

आपल्याकडे ब्लँकेटसाठी पैसे लगेच जमतात. उजळणी वर्गाचा खर्च मांडला की "पुन्हा प्रशिक्षण कशाला?" असे विचारले जाते. (मीही पूर्वी विचारत असे.)

पुढील बैठकीपूर्वी प्रत्येकाने घरातील किंवा शेजारच्या झोपलेल्या बाळाचे श्वास पूर्ण मिनिटभर मोजावेत, आणि लगेच दुसऱ्या कोणाकडून मोजवून घ्यावेत. दोन्ही आकडे लिहून आणा.