ब्रेंडा ली : बालवयांतील कीर्तीचा एक धडा

अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांत, खेड्यापाड्यांतील कष्टकरी लोकांच्या घरीं, फिडल व गिटार यांच्या साथीनें जें गाणें वाढलें त्यास 'कंट्री' संगीत म्हणतात. पुढें शहरांतील लोकप्रिय गीतांशीं त्याचा मिलाफ झाला. ह्या मिश्र गायनांत बालपणींच नांव मिळविलेल्या ब्रेंडा ली हिचें चरित्र विद्यार्थ्यांनीं, व विशेषतः पालकांनीं, मनन करण्याजोगें आहे.

ब्रेंडाचा जन्म ११ डिसेंबर १९४४ रोजीं अटलांटा शहरीं एका गरीब कुटुंबांत झाला. १९५३ सालीं तिचे वडील अपघातांत वारले. त्या वेळीं ती आठ वर्षांची होती. तेव्हांपासून तिची मिळकत हा घरचा मोठा आधार झाला. १९५५ सालीं प्रसिद्ध गायक रेड फोली यांनीं तिचें गाणें ऐकून तिला पुढें आणलें, आणि दुसऱ्याच वर्षीं डेका कंपनीनें तिच्याशीं ध्वनिमुद्रणाचा करार केला. मूर्ति लहान, पण आवाज प्रौढ स्त्रीचा! १९५९ सालीं ती पॅरिसला गेली, तेव्हां ही बालिका नसून बत्तीस वर्षांची ठेंगणी बाई आहे, अशी वदंता तेथें पसरली होती.

१९६० सालीं, वयाच्या पंधराव्या वर्षीं, तिचें 'आय ॲम सॉरी' हें गीत अमेरिकेंत पहिल्या क्रमांकावर गेलें. इतकें होऊनही तिचें हायस्कूलचें शिक्षण सुटलें नाहीं. १९६३ सालीं तें पुरें झालें. ही गोष्ट आम्हांस गीतांच्या खपाहून मोठी वाटते. ज्या मुलाच्या गुणावर घर जेवतें, त्या मुलाचें ऋण घरावर चढतें. आणि त्याची शाळा व त्याचें बालपण राखूनच तें फेडतां येतें. बालकाची कीर्ति ही वडीलधाऱ्यांपाशीं ठेवलेली ठेव होय.

विद्यार्थ्यांसाठीं आणखी एक गोष्ट सांगतों. १९५८ सालीं, तेरा वर्षांची असतांना, ब्रेंडानें 'रॉकिन अराउंड द ख्रिसमस ट्री' हें नाताळचें गीत गाइलें. आरंभीं त्याचा फारसा बोलबाला झाला नाहीं. परंतु दरसाल लोक तें ऐकत गेले, आणि डिसेंबर २०२३ मध्यें, पासष्ट वर्षांनीं, तें प्रथम क्रमांकावर आलें. गाणारी तेव्हां अठ्याहत्तर वर्षांची होती!

टाळ्या आज मिळोत वा न मिळोत, हातीं घेतलेलें काम मन लावून करावें. चांगल्या कामास दिवस मोजण्याची घाई नसते.