रविवारी दुकानं बंद आणि छातीत धडधड

नवऱ्याच्या नोकरीनिमित्त ठाण्याहून दक्षिण जर्मनीतल्या एका लहान गावी गेलेल्या वाचिकेने लिहिलं आहे: ‘इथे कसलीच घाई नाही. तरी छातीत धडधडतं, शनिवार-रविवारी हमखास डोकं दुखतं, रात्री दीड-दोनला जाग येते ती येतेच. इथलं हवापाणी मानवत नाही का? आईने झोपेच्या गोळ्या पाठवल्यात, घेऊ का?’

हवापाण्याला उगाच दोष नको. सकाळी डबा, मुलांची रिक्षा, मग आठ बावन्नची फास्ट असा दिनक्रम वर्षानुवर्षं चालला की शरीर कायम सज्ज राहायला शिकतं. धावपळ थांबली म्हणून ही सज्जता दुसऱ्या दिवशी उतरत नाही. आधी उलट बेचैनी वाढते, आणि ‘आपण रिकामटेकडे झालो’ ही टोचणी तिच्यात भर घालते. बहुतेकांना काही आठवडे लागतात, काहींना काही महिने. पण धडधड आणि थकव्याला दरवेळी ‘परकं वाटतं म्हणून’ असं लेबल लावू नका. आपल्याकडच्या शाकाहारी मंडळींत बी-12 ची कमतरता खूप दिसते, बायकांमध्ये रक्त कमी असणं नेहमीचंच, आणि थायरॉइड तर दोन्ही लक्षणं देतो. तेव्हा तिथल्या फॅमिली डॉक्टरकडून हिमोग्लोबिन, बी-12, टीएसएच आणि ईसीजी करून घ्या. धडधडीबरोबर छातीत दुखलं, धाप लागली किंवा चक्कर येऊन पडलात तर वाट न पाहता 112 लावा. तातडीचं नसेल पण दवाखाना बंद असेल, तर 116117 हा नंबर आहे.

रात्रीच्या जागेचं उत्तर बहुधा उशाशी पडलेलं आहे. हिवाळ्यात भारत जर्मनीच्या साडेचार तास पुढे असतो, म्हणजे ठाण्यात सकाळचे सहा वाजतात तेव्हा तुमच्याकडे रात्रीचा दीड. नेमके तेव्हाच सगळ्या ग्रुपवर फुलांसकट सुप्रभात सुरू होतात! फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. याची दुसरी बाजू जास्त त्रासदायक आहे: तुमची संध्याकाळ रिकामी होते तेव्हा इकडे मध्यरात्र असते आणि आईशी बोलता येत नाही. म्हणून घरचा फोन दुपारी उरकावा, आणि संध्याकाळसाठी त्याच गावातलं काहीतरी बांधून घ्यावं. जर्मन भाषेचा वर्ग, क्रीडामंडळ, पोहणं, काहीही चालेल. दर आठवड्याला ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी माणसं भेटली पाहिजेत. जवळच्या शहरात मराठी मंडळ असेल तर जरूर जा, पण गणपती आणि दिवाळीच्या दोन कार्यक्रमांवर वर्ष निघत नाही.

शनिवार-रविवारच्या डोकेदुखीत मी आधी चहाचा हिशोब विचारतो. एरवी सहाला पहिला कप आणि सुट्टीला उठणंच नऊला, असं असेल तर कॅफीन न मिळाल्याने डोकं दुखू शकतं. ताण उतरल्यावर उठणारी अर्धशिशीही असते. दोन्हींवर उपाय एकच आणि कंटाळवाणा आहे: सुट्टीच्या दिवशीही साधारण त्याच वेळी उठा, त्याच वेळी चहा-नाश्ता घ्या.

जर्मनीत रविवारी दुकानं बंद, ड्रिलचा आवाज नको, काचेच्या बाटल्यासुद्धा कचरापेटीत टाकायच्या नाहीत. रविवारच्या विश्रांतीला तिथे 1919 पासून राज्यघटनेचं संरक्षण आहे, त्यामुळे ते बदलेल अशी वाट पाहू नका. किराणा शनिवारी आणा आणि रविवारी सकाळी तासभर चाला, ढग असले तरी. ढगाळ आकाशाखालीही घरातल्या दिव्यांपेक्षा कितीतरी जास्त उजेड मिळतो, आणि झोपेचं घड्याळ सकाळच्या उजेडावर लागतं. डिसेंबरात तुमच्याकडे दिवस जेमतेम सव्वाआठ तासांचा असतो. ठाण्यात तेव्हाही अकरा तासांच्या आसपास असतो. ऑक्टोबर ते मार्च तिथल्या उन्हात ड जीवनसत्त्व पुरेसं तयार होत नाही, सावळ्या त्वचेत तर आणखी कमी. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन त्या कामाचं नाही. गोळी लागेल का, किती, हे डॉक्टरांना विचारा. इकडून आणलेली साठ हजार युनिटची पुडी मनाने महिनोन् महिने घेत राहू नका.

आता महत्त्वाचं. दोन आठवड्यांहून जास्त दिवस सतत उदास वाटत असेल, स्वयंपाक, आंघोळ, आवडती मालिका कशातच मन लागत नसेल, भूक-झोप बिघडली असेल, तर याला ‘रुळायला वेळ लागतो’ म्हणून सोडून देऊ नका. हिवाळ्यात येणारं नैराश्य हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. सकाळी दहा हजार लक्सच्या दिव्यासमोर अर्धा तास बसणं हा त्यातला एक; पण डोळ्यांच्या पडद्याचा आजार किंवा बायपोलर असेल तर विचारल्याशिवाय तो दिवा विकत घेऊ नका. जगणं नको असं मनात आलं, तर त्याच दिवशी नवऱ्याला सांगा आणि 112 लावा. नवरेमंडळींनीही हे वाचावं: तुमचा दिवस ऑफिसात भरलेला असतो, तिचा नाही. आणि झोप यावी म्हणून रोज संध्याकाळी बिअर उघडत असाल, तर तिने झोप पहाटे तुटते.

राहिल्या आईच्या गोळ्या. नावं तुम्ही लिहिली नाहीत, पण अशा पाकिटांत बहुधा अल्प्राझोलाम निघतं. घेऊ नका. सवय लागते आणि मूळ बेचैनी तशीच राहते. मात्र आधीच रोज घेत असाल तर एकदम थांबवूही नका. पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा, ते मात्रा हळूहळू उतरवून देतील.