मंद न्यूट्रॉनचे आयुष्य

मुलांनो, विज्ञानाच्या पुस्तकात तुम्ही अणूची आकृती पाहिली असेल. मध्यभागी केंद्रक असते. त्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन असतात. हे शब्द उर्दूत आणि मराठीत सारखेच आहेत, म्हणजे तुमचे पाठांतर वाचले! न्यूट्रॉनचा शोध इंग्लंडमध्ये जेम्स चॅडविक यांनी १९३२ साली लावला.

तुमच्या शरीरातील न्यूट्रॉन केंद्रकात सुरक्षित आहेत. पण न्यूट्रॉन केंद्रकाबाहेर एकटा पडला, की फार काळ टिकत नाही. तो मोडतो आणि त्याचा प्रोटॉन होतो. त्याचे सरासरी आयुष्य पंधरा मिनिटांहून थोडे कमी असते. पण नेमके किती? अणुभट्टीत वेग कमी केल्यावरही न्यूट्रॉन सेकंदाला दोन किलोमीटर पळतो. अशा पळणाऱ्यावर पंधरा मिनिटे नजर कशी ठेवणार?

म्हणून त्याला आणखी मंद करतात. अमेरिकेत लॉस अलामॉस येथे त्यासाठी गोठवलेले ड्यूटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, वापरतात. सेकंदाला पाच मीटर वेगाचा न्यूट्रॉन वर उडाला, तर सव्वा मीटर चढतो आणि चेंडूसारखा खाली येतो. त्यामुळे त्याच्या भांड्याला झाकणही लागत नाही! भांडे टबासारखे असते. त्याला आतून चुंबक लावलेले असतात. न्यूट्रॉनवर विद्युतभार नसतो, तरी तो स्वतः एक चिमुकले चुंबक असतो. टबातले चुंबक त्याला दूर ढकलतात आणि तो भिंतीला शिवत नाही. काही वेळ थांबून, किती न्यूट्रॉन उरले ते मोजतात. २०२१ साली उत्तर आले : सुमारे ८७८ सेकंद.

दुसऱ्या रीतीत न्यूट्रॉनचा झोत सोडतात आणि त्यातून किती प्रोटॉन झाले ते मोजतात. २०१३ साली अमेरिकेतच या रीतीने उत्तर आले सुमारे ८८८ सेकंद.

दहा सेकंदांनी काय बिघडते, असे तुम्ही विचाराल. विश्वाच्या आरंभी पहिल्या काही मिनिटांत न्यूट्रॉन असेच मोडत होते. जे उरले, त्यांच्यापासून हेलियम बनला. तो किती बनला, हे न्यूट्रॉनच्या आयुष्यावर अवलंबून होते.

मग चूक कोणाची? भांड्यातून न्यूट्रॉन निसटतात, की झोतातले प्रोटॉन मोजायचे राहून जातात? की काही न्यूट्रॉन मोडून प्रोटॉन होतच नाहीत, न दिसणारे कण होतात? अशा कणांचा शोध घेतला गेला. ते अजून सापडलेले नाहीत.