नदी, धानबांधी आणि तलाव : गोंदिया जिल्ह्यातील एक पक्षिनिरीक्षण मार्ग

पक्षिनिरीक्षणासाठी अभयारण्यातच गेले पाहिजे, असा एक समज रूढ आहे. गोंदिया जिल्ह्यात तो टिकत नाही. उडू शकणाऱ्या पक्ष्यांमध्ये जगात सर्वांत उंच असलेला सारस क्रौंच येथे शेतकऱ्याच्या बांधीत घरटे करतो, गावतलावाच्या उथळ पाण्यात रात्र काढतो आणि तलाव आटले की नदीच्या पात्रात उतरतो. महाराष्ट्रात सारसांची वस्ती आज मुख्यतः याच जिल्ह्यात आणि लगतच्या भंडाऱ्यात उरली असून त्यांची संख्या काही डझनांच्या पुढे जात नाही. नदी, शेत व तलाव ही तिन्ही ठिकाणे एकाच फेरीत कशी पाहावीत, याची माहिती शिक्षक, पंचायत सदस्य व अधिकारी यांच्यासाठी येथे दिली आहे.

फेरीचा आरंभ सूर्योदयाच्या सुमारास बाघ नदीवर करावा. गोंदिया-बालाघाट रस्ता रजेगावजवळ ही नदी ओलांडतो. पलीकडे मध्य प्रदेश. पुढे बाघ वैनगंगेस मिळते. वाळूच्या पट्ट्यांवर नदी टिटवी व नदी सुरय, पाण्यावर एका जागी पंख फडफडवीत थांबणारा आणि क्षणात सूर मारणारा कवड्या धीवर, तर हिवाळ्यात चक्रवाकाच्या जोड्या असे दृश्य येथे पाहण्यास मिळते. सुरय आणि टिटवी उन्हाळ्यात उघड्या वाळूवरच अंडी घालतात. वाळूघाटांचा विचार करताना ही गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. सारसाला तर राज्याची सीमा ठाऊकच नाही. त्यामुळे गणना करावयाची झाल्यास ती दोन्ही तीरांवर एकाच वेळी व्हावयास हवी, अन्यथा तीच जोडी दोनदा मोजली जाण्याचा संभव असतो.

नदी सोडून परसवाडा, झिलमिली या गावांकडे वळले की धानाचा मुलूख लागतो. या मार्गाचा गाभा येथे आहे. जुलैमध्ये रोवणी होते, बांधीत पाणी साचते आणि त्याच सुमारास सारसाची जोडी घरट्याची जागा निवडते. सभोवतालचे गवत, लव्हाळे व काही धानाची रोपे उपटून ती पाण्यात एक पसरट ढीग रचते आणि त्यावर बहुधा दोन अंडी घालते. नर व मादी आळीपाळीने महिनाभर ती उबवितात. पिल्ले उडू लागेपर्यंत आणखी तीन महिने लागतात, म्हणजे हलक्या धानाची कापणी पुष्कळदा त्याआधीच येऊन ठेपते. घरट्यापायी बांधीचा एखादा कोपरा जातो हे खरे. तथापि एकंदर पिकाच्या मानाने ते नुकसान थोडे असते, आणि हेच पक्षी बांधीतील किडेही टिपत असतात. ज्या शेतकऱ्याने तो कोपरा राहू दिला, त्याच्यावरच त्या वर्षीचे पिल्लू अवलंबून असते. सारसाचे रक्षण कागदावर वनविभागाकडे असले, तरी व्यवहारात ते धुऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या हाती आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

पावसाळ्यात घरट्यापासून दूर राहूनच, दुर्बिणीतून पाहावे. विद्यार्थ्यांचा जथा बांधीत उतरवू नये. जोडी अंड्यांवरून उठली की कावळे व कुत्री तेवढ्या संधीची वाटच पाहत असतात. शेतांवरून गेलेल्या वीजतारा हाही मोठा धोका आहे. तारांना अडकून सारस मृत्युमुखी पडल्याच्या घटना घडल्या आहेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये या पक्ष्याच्या संरक्षणाची स्वतःहून दखल घेतली.

परसवाडा व झिलमिलीचे तलाव सायंकाळी पाहावेत. कमळाच्या पानांवरून चालणारा कमळपक्षी, जांभळी पाणकोंबडी, टिबुकली, वारकरी आणि अडईचे थवे येथे सहज दिसतात. दिवस मावळताना सारस पोटरीभर पाण्यात येऊन उभे राहतात. येथे एक बाब स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. मामा तलावांतील गाळ काढणे हे उपयुक्त काम आहे. परंतु यंत्राने काठ उभा कापला आणि तलाव सर्वत्र सारखाच खोल केला, तर पाणी वाढते आणि पक्षी जातात. पाळीच्या बाजूला खोली व विरुद्ध बाजूला उतरता, उथळ काठ अशी जुन्या तलावांची ठेवण असे. ती अंदाजपत्रकातच नमूद करून घेता येईल. बेशरमाच्या वाढीनेही काठ बुजले आहेत. अर्जुनी मोरगाव परिसरातील ढीवर बांधवांनी बेशरम उपटून देवधानासारख्या देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. त्याचा लाभ मासे आणि पक्षी दोहोंना झाला.

दुसऱ्या दिवशी गोंदियापासून सुमारे ६५ किलोमीटरवरील नवेगावबांध गाठावे. सात बहिणींच्या डोंगररांगांत कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचे सांगितले जाणारे हे विस्तीर्ण जलाशय १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा भाग झाले. वनाधिकारी म्हणून येथे राहिलेल्या मारुती चितमपल्ली यांचे ‘नवेगावबांधचे दिवस’ हे पुस्तक शाळेच्या ग्रंथालयात असावे. हिवाळ्यात तलवार बदक, थापट्या व हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब अशा पाहुण्यांसाठी पहाटेची वेळ राखून ठेवावी. वेळ उरल्यास गाढवी नदीवरील इटियाडोह धरण पाहावे. तेथील खोल पाण्यात पक्षी तुरळकच, मात्र पाणी उतरल्यावर कडेच्या चिखलावर तुतवार व शेकाटे उतरतात.

नोंदीसाठी साधी वही पुरेशी आहे. तारीख, वेळ, ठिकाण, पक्षी, संख्या आणि तो पाण्यात, काठावर की पिकात होता, एवढे लिहावे. घरटे आढळल्यास शेताचा गट क्रमांक व शेतकऱ्याची संमती नोंदवावी. घरट्याचा नेमका ठावठिकाणा मात्र बाहेर सांगू नये. जैवविविधता अधिनियम, २००२ अन्वये ग्रामपंचायतीकडे लोक जैवविविधता नोंदवही असते. वर्षअखेरीस शाळेच्या वहीतील नोंदी समितीपुढे ठेवून त्यात उतरवून घ्याव्यात, म्हणजे तलावाच्या पुढील कामाचा आराखडा करताना त्या हाताशी असतील.