तारा, ठणका आणि तो लेझर

अगं, काल दातांची तार घट्ट करून आलीस आणि आज पोळीचा तुकडाही चावेना म्हणून रडकुंडीला आलीस ना? घाबरू नकोस. हा ठणका साधारण चोवीस तासांनी सगळ्यात जास्त असतो, मग ओसरत जातो. तोवर मऊ भात खा, शिरा खा. खरं सांगू का, मी तारा लावल्यावर तिसऱ्याच दिवशी शेंगदाण्याची चिक्की फोडायला गेले आणि ब्रॅकेटच हातात आलं! वेदनेची गोळीही मनाने घेऊ नकोस. काही गोळ्यांनी दात सरकायचा वेग मंदावू शकतो, म्हणून डॉक्टरांना विचार.

आता त्यांनी सुचवलेल्या लेझरचं. नाव ऐकून भाजण्या-कापण्याचा विचार करू नकोस बघ. कापणारा लेझर वेगळा. हा मंद ताकदीचा. टोचत नाही की भाजत नाही. १९६७ साली बुडापेस्टच्या एन्द्रे मेस्टर यांनी भादरलेल्या उंदरांवर असा मंद लेझर टाकला. त्याने कॅन्सर होतो का, हे पाहायचं होतं. झालं उलटंच, केस भराभर उगवले! पेशींमधला मायटोकॉन्ड्रिया हा प्रकाश शोषतो आणि पेशीला जास्त ऊर्जा मिळते, असं मानतात. डोळ्यांना मात्र जपायचं. चष्मा दिल्याशिवाय तोंड उघडू नकोस, बिनधास्त माग.

मग घ्यावा का? तार घट्ट केल्यानंतरचं दुखणं त्याने कमी होऊ शकतं. पण ‘तारा निम्म्या वेळात निघतील’ असं कुणी म्हणालं, तर मान डोलावू नकोस. वेगाबद्दलचे अभ्यास एकमुखाने बोलत नाहीत. दात मुळात महिन्याला जेमतेम एक मिलिमीटर सरकतो. पुढचं हाड विरघळतं, मागे नवं भरतं. त्याला घाई चालत नाही गं, आपल्या आमटीसारखंच. म्हणून आधी विचार: किती वेळा यायचं, वेगळे पैसे किती, आणि हा दुखण्यासाठी की वेगासाठी? बजेट ताणून घेऊ नकोस. त्याच्याशिवायही दात सरळ होतातच.

तू निभावशील, मला ठाऊक आहे. फक्त ब्रश आणि पुढची तारीख चुकवू नकोस. आणि तारा निघाल्यावर रिटेनरचा, म्हणजे दात जागेवर धरून ठेवणाऱ्या साच्याचा, कंटाळा मुळीच नको. मी केला होता. माझा पुढचा दात आजही किंचित तिरका आहे.