शकुंतलेची सफर मुलांना घडवता येईल का?

प्रश्न : यवतमाळहून मुलांना जुन्या छोट्या रेल्वेने कारंजा लाडला न्यायचे आहे. जमेल का?

उत्तर : रेल्वेने नाही, ‘शकुंतला’ बंद आहे. तरीही कारंज्याला जरूर जा, फक्त रस्त्याने, दारव्ह्यामार्गे. ही अरुंद मार्गाची, अडीच फुटी लाइन किलिक निक्सन कंपनीने विसाव्या शतकाच्या आरंभी टाकली ती पर्यटनासाठी नव्हे, वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरच्या मुख्य मार्गावर आणि तिथून मुंबईला पोचवण्यासाठी. वाफेचे इंजिन तर 1994 मध्येच निवृत्त झाले. म्हणून खरा वारसा डब्यात बसण्यापेक्षा कापूस, बाजारपेठ आणि रूळ यांच्या नात्यात आहे, आणि ते नाते गाडी थांबल्यावरही दिसते. कारंजा हे नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान, जुन्या जैन मंदिरांचेही गाव. तिथे दिवस सहज जातो.

गाडीत बसल्याशिवाय मुले रमणार नाहीत, हा आक्षेप रास्त आहे. त्यांच्यासाठी नागपूरचे नॅरोगेज रेल्वे संग्रहालय जवळचे. प्रत्यक्ष प्रवासासाठी 1907 पासूनची नेरळ-माथेरान गाडी. पण आधी कारंजा करा, आणि ओस पडलेल्या स्थानकांच्या इमारतींत मुलांना शिरू देऊ नका.